4 कोटी आकडी मूळ संख्या 'तपासली' म्हणजे नेमकं केलं काय?

ऑक्टोबर 2024 मध्ये बातमी आली होती, आठवत असेल, की आजवरची सगळ्यात मोठी मूळ संख्या सापडली. अमेरिकेतल्या ल्यूक ड्युरँट नावाच्या माणसाने शोधली, तो आधी एनव्हिडिया कंपनीत होता. आणि संख्या केवढी, तर तिच्यात 4,10,24,320 आकडे आहेत. म्हणजे संख्या 4 कोटी नाही हां, तिच्यातले आकडेच 4 कोटी 10 लाखांच्या वर. सेकंदाला एक आकडा असं वाचत बसलात, न जेवता न झोपता, तर 475 दिवस लागतील.

माझी भाची आठवीत आहे. तिने बातमी वाचली आणि थेट विचारलं, "मावशी, हिला कशानेच भाग जात नाही हे बघितलं कुणी?" मला हा प्रश्न इतका आवडला, कारण मी वाचलेल्या एकाही बातमीत ह्याचं उत्तर नव्हतं, सगळीकडे आकडे किती आणि बक्षीस किती एवढंच. आणि खरी गंमत तर तिच्या प्रश्नातच आहे. उत्तर असं की भागून कुणीच बघितलं नाही. भागून न बघता कळतं. कसं, ते सांगायला हे लिहायला घेतलं.

आधी थोडी उजळणी

ज्या संख्येला 1 आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही ती मूळ संख्या. 13 मूळ. 15 मूळ नाही कारण 3 गुणिले 5, तिला संयुक्त म्हणायचं. 1 ह्यातही नाही नि त्यातही नाही.

मूळ संख्या कधी संपत नाहीत. हे युक्लिडने सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच दाखवून ठेवलंय, आणि ते इतकं साधं आहे की चहा पिता पिता सांगता येतं. समजा कुणी म्हणालं की माझ्याकडे सगळ्या मूळ संख्यांची यादी आहे. त्या सगळ्या एकमेकींशी गुणा आणि त्यात 1 मिळवा. आता यादीतल्या कुठल्याही संख्येने भागलं की बाकी 1 उरते, म्हणजे ही नवी संख्या एकतर स्वतःच मूळ आहे नाहीतर तिचे मूळ अवयव यादीच्या बाहेरचे आहेत. यादी अपुरीच. म्हणून "सगळ्यात मोठी मूळ संख्या" असं जे छापतात त्याचा अर्थ आपल्याला माहीत असलेल्यांत मोठी, एवढाच. ह्या संख्येच्या अलीकडेही मोजता येणार नाहीत इतक्या मूळ संख्या पडल्या आहेत ज्या अजून कुणी बघितलेल्या नाहीत.

भागून का बघत नाहीत?

शाळेत आपण भागूनच बघतो. 97 मूळ आहे का, तर 2, 3, 5, 7 ने भागून बघा, झालं. 9 च्या पुढे जायची गरज नाही कारण 10 गुणिले 10 म्हणजे 100 होतात, तेव्हा अवयव असतीलच तर त्यातला एक तरी 10 पेक्षा लहान असणार. वर्गमुळापर्यंत गेलं की पुरतं.

आता 300 आकडी संख्या घ्या. तिचं वर्गमूळ 150 आकडी. दिसणाऱ्या अख्ख्या विश्वात जेवढे अणू आहेत असा अंदाज आहे ती संख्या 80 आकड्यांच्या आसपास जाते. म्हणजे प्रत्येक अणूचा एक कम्प्युटर केला तरी भागाकार संपणार नाहीत. आणि ही 300 आकड्यांची गोष्ट झाली, आपली तर 4 कोटींची आहे.

माठाला टिचकी

उन्हाळ्यात कुंभाराकडून माठ घेताना माझी आजी काय करायची, माठ हातात धरून टिचकी मारायची. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. तडा कुठे गेलाय ते तिला दिसायचं नाही, शोधायचीही नाही. पण तडा आहे एवढं नक्की कळायचं.

मूळ संख्या तपासायचा सगळा खेळ हाच आहे. संख्येला असा एक प्रश्न विचारायचा ज्याचं उत्तर मूळ संख्या एका ठरलेल्या पद्धतीने देते. उत्तर वेगळं आलं की संपलं, ती संयुक्त. तिचे अवयव कोणते हे आपल्याला कळत नाही, पण ती फुटलेली आहे हे कळतं. "फुटलेली आहे हे कळणं" आणि "तुकडे हातात येणं" ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी हे लक्षात ठेवा.

टिचकी कशी मारायची: झेंडू-शेवंतीचा हार

पहिली टिचकी सतराव्या शतकातल्या फर्मा नावाच्या फ्रेंच माणसाची. नियम असा, की संख्या मूळ असेल तर 2 चा तितकावा घात काढा, त्या संख्येने भागा, बाकी 2 च येणार (2 ही संख्या सोडून). 7 घ्या. 2 चा 7 वा घात 128, त्याला 7 ने भागलं, 126 गेले, बाकी 2. खणखणीत. आता 9 घ्या. 2 चा 9 वा घात 512, त्यातून 504 गेले, बाकी 8. बद्द. बघा, इथे 9 म्हणजे 3 गुणिले 3 हे आपण कुठे वापरलंच नाही.

पण असं का होतं? फुलांचा गोल हार डोळ्यांसमोर आणा. 5 फुलं, प्रत्येक जागी एकतर झेंडू नाहीतर शेवंती. किती प्रकारे ओवता येईल? प्रत्येक जागी 2 पर्याय, म्हणजे 2 चा 5 वा घात, 32. त्यातले दोन हार एकाच फुलाचे, नुसता झेंडू आणि नुसती शेवंती, ते बाजूला ठेवू. उरले 30. आता त्यातला एक हार घ्या आणि एकेक घर फिरवत जा. 5 मूळ असल्यामुळे पाचही वेळा वेगळी मांडणी दिसते आणि मग कुठे तो मूळ जागी येतो. म्हणजे हे 30 हार बरोब्बर पाच-पाचच्या गटात बसतात, 6 गट, शिल्लक काही नाही. म्हणून 32 ला 5 ने भागलं की उरतात फक्त ते बाजूला ठेवलेले 2.

4 फुलांचा हार घेतला की बिघडतं. झेंडू, शेवंती, झेंडू, शेवंती असा हार दोनच घरं फिरवला की पुन्हा तसाच दिसतो, कारण 4 च्या पोटात 2 लपलेला आहे. गट नीट पडत नाहीत. 16 वजा 2 म्हणजे 14, आणि 14 ला 4 ने भाग जात नाही.

मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खरंच हार काढून बसले होते वहीत.

पण 2 चा एवढा मोठा घात काढणार कसा?

रास्त शंका आहे. 300 आकडी संख्येएवढा घात म्हणजे तो लिहायलाच विश्व पुरणार नाही. पण आपल्याला घात नकोय, बाकी हवीये. आज मंगळवार असेल तर 100 दिवसांनी कोणता वार, हे काढायला आपण 100 दिवस मोजत बसत नाही, 7 ने भागून बाकी 2, म्हणजे गुरुवार. तसंच इथेही दर पायरीला बाकीच ठेवायची आणि पुढे जायचं, म्हणजे संख्या फुगतच नाही.

शिवाय एकेकदा गुणायची गरज नसते, वर्ग करत जायचं. 2 चा वर्ग 4, त्याचा वर्ग 16, म्हणजे घात 1, 2, 4, 8, 16 असा दुपटीने पळतो. 300 आकडी संख्येसाठी असे हजारभर वर्ग पुरतात, तुमचा मोबाइल ते सेकंदाच्या आत करतो.

341 फसवते, 561 त्याहून

आता खरी अडचण. संख्या मूळ असेल तर माठ खणखणीत वाजतो हे पक्कं, पण खणखणीत वाजला म्हणून मूळच असेल असं नाही. 341 घ्या. 2 ची टिचकी मारली तर बाकी अगदी 2 येते, आणि तरी 341 म्हणजे 11 गुणिले 31. दुसरीकडे टिचकी मारू म्हणून 2 च्या जागी 3 घेतला तर बाकी 3 यायला हवी, येते 168. पकडली.

पण 561 अशी आहे की 2 घ्या, 3 घ्या, 5 घ्या, काहीही घ्या, बाकी बरोबरच येते, आणि ती 3 गुणिले 11 गुणिले 17 आहे. ह्यांना कारमायकेल संख्या म्हणतात आणि 1994 मध्ये सिद्ध झालं की ह्याही कधी संपत नाहीत.

ह्यावर उपाय गॅरी मिलर आणि मायकल रेबिन ह्यांनी काढला, 1976 ते 1980 च्या दरम्यान. त्यांनी टिचकी जरा कडक केली, वर्ग करत जाताना मधल्या पायऱ्यांवरही नजर ठेवायची. मग कुठलीही संयुक्त संख्या असो, रँडम आकडा घेऊन मारलेली एक टिचकी ती 4 पैकी निदान 3 वेळा पकडतेच. अशा 40 टिचक्या मारल्या तरी सुटून जायची शक्यता 1 भागिले (1 वर 24 शून्य) एवढीसुद्धा नाही.

"ही तर शितावरून भाताची परीक्षा झाली, गणितात असं चालतं?"

बँकेच्या कामाला चालतं. गणिताच्या सिद्धतेला नाही. शक्यता कितीही कमी असली तरी ती शक्यता, सिद्धता नव्हे, आणि गणितवाले ह्यावर अडून बसतात ते बरोबरच आहे.

मग अशी पद्धत आहे का जी कुठल्याही संख्येला शंभर टक्के उत्तर देईल, नशिबावर काही न सोडता, आणि भागाकाराइतकी अचाट वेळखाऊ नसेल? हा प्रश्न बरीच वर्षं अडकून पडला होता आणि तो सुटला आपल्याकडे, आयआयटी कानपूरला, ऑगस्ट 2002 मध्ये. मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे दोन विद्यार्थी, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना. ही दोन मुलं तेव्हा नुकतीच बीटेक झाली होती हो. तिघांच्या आडनावावरून ह्या पद्धतीला एकेएस म्हणतात, 2006 मध्ये त्यांना गोडेल प्राइझ, कम्प्युटर सायन्समधलं मानाचं बक्षीस, मिळालं. मला ह्या गोष्टीचा आजही प्रचंड अभिमान वाटतो आणि आपल्याकडे शाळेतल्या मुलांना ही तीन नावं माहीत नसतात ह्याचं वाईट वाटतं. प्रत्यक्षात एकेएस फार हळू चालते म्हणून रेकॉर्डसाठी वापरत नाहीत, पण "अशी पद्धत असू शकते का" ह्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी कायमचं देऊन टाकलं.

मग रेकॉर्ड कसे होतात?

रेकॉर्डवाले खास आकाराच्या संख्या निवडतात. 2 चा कुठलातरी घात घ्यायचा आणि त्यातून 1 वजा करायचा: 3, 7, 31, 127. ह्यांना मर्सेन संख्या म्हणतात, मॅरिन मर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू होता, 1644 मध्ये त्याने कुठले घात घेतले तर मूळ संख्या मिळते ह्याची यादी छापली. यादी चुकली होती, 67 आणि 257 उगाच घातले, 61, 89 आणि 107 राहिले. घात मूळ असावा लागतो, पण तेवढं पुरत नाही. 11 मूळ आहे, तरी 2 चा 11 वा घात वजा 1, म्हणजे 2047, मूळ नाही. तिच्याकडे शेवटी परत येऊ.

हाच आकार का, तर दोन कारणं. एक, भागाकार सोपा होतो. 4321 ला 99 ने भागून बाकी काढायची असेल तर भागायची गरजच नाही, दोन-दोन आकड्यांचे तुकडे करा, 43 अधिक 21, उत्तर 64. कारण 99 ही 100 पेक्षा एकने कमी. कम्प्युटर 2 च्या भाषेत मोजतो आणि त्या भाषेत मर्सेन संख्या म्हणजे नुसते 1111 असतात, जशी आपली 99. तेव्हा कम्प्युटरला भागाकाराच्या जागी तुकडे करून बेरीज केली की झालं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ह्या संख्यांसाठी एक अशी टिचकी आहे जी कधीच फसत नाही. लुकास नावाच्या फ्रेंच गणितीने ती 1870 च्या दशकात काढली, लेमर नावाच्या अमेरिकन गणितीने 1930 च्या सुमारास नीटनेटकी केली. 4 पासून सुरू करायचं. वर्ग करायचा, 2 वजा करायचे, बाकी ठेवायची. घातापेक्षा दोनने कमी एवढ्या पायऱ्या करायच्या. शेवटी शून्य आलं तर मूळ, नाही आलं तर संयुक्त, मधलं काही नाही. 31 साठी करून बघू, तिथे घात 5 आहे म्हणून 3 पायऱ्या: 4, मग 14, मग 194 म्हणजे 31 ने भागून बाकी 8, मग 62, बाकी 0. मूळ. लुकासने 1876 मध्ये ह्याच विचाराने 2 चा 127 वा घात वजा 1 ही 39 आकडी संख्या हाताने, कागदावर, मूळ ठरवली, आणि तो रेकॉर्ड 1951 पर्यंत टिकला!

ड्युरँटच्या संख्येत घात आहे 13,62,79,841. म्हणजे 13 कोटी 62 लाखांहून जास्त पायऱ्या, आणि दर पायरीला 4 कोटी आकडी संख्येचा वर्ग. आपल्या शाळेतल्या पद्धतीने एका वर्गाला 1,600 लाख कोटींच्या वर छोटे गुणाकार पडतील. म्हणून फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म नावाची युक्ती वापरतात, संख्येचं लाटांमध्ये रूपांतर करून गुणाकार करायचा आणि परत संख्या करायची, त्याने काम प्रचंड कमी होतं. आणि हे काम गेम खेळायच्या, एआयच्या त्या ग्राफिक्स कार्डांना फार छान जमतं. ड्युरँटने 17 देशांतली अशी कार्डं भाड्याने जोडून जणू एकच मोठा कम्प्युटर केला. 11 ऑक्टोबरला आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एका कार्डावर फर्मावाली टिचकी खणखणीत वाजली (इथे 2 चालत नाही, कारण घात मूळ असला की मर्सेन संख्या 2 च्या टिचकीला नेहमीच पास होते, म्हणून 3 घेतात), आणि दुसऱ्या दिवशी टेक्सासमधल्या मशीनवर लुकास-लेमरची शून्यवाली परीक्षा पूर्ण झाली.

कम्प्युटर चुकला तर?

चुकतात. म्हणून वेगळ्या प्रोग्रॅमने, वेगळ्या हार्डवेअरवर पुन्हा पुन्हा करून मगच जाहीर करतात. हा सगळा शोध 1996 पासून जॉर्ज वोल्टमन ह्यांनी सुरू केलेल्या जिम्प्स नावाच्या प्रकल्पातून चालतो, कुणीही घरच्या कम्प्युटरवर त्यांचा प्रोग्रॅम टाकून सामील होऊ शकतं. माणसंही चुकतात, 2015 च्या सप्टेंबरमध्ये एका कम्प्युटरने मूळ संख्या सापडल्याचं कळवलं होतं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नाही, जानेवारी 2016 मध्ये आवराआवर करताना दिसलं.

उलट बाजूही आहे. 1994 मध्ये थॉमस नाइसली नावाचे प्राध्यापक जोडमूळ संख्यांवर (11 आणि 13 सारख्या, दोनच्या अंतरावरच्या) काम करत होते, त्यांची उत्तरं जुळेनात, शोधता शोधता कळलं की इंटेलच्या पेंटियम चिपचा भागाकारच चुकतोय. कंपनीला 47.5 कोटी डॉलरचा फटका बसला. 2016 मध्ये इंटेलच्याच स्कायलेक चिपमधला दोषही जिम्प्सच्याच प्रोग्रॅममुळे उघडा पडला.

ह्याचा आपल्याला उपयोग काय?

4 कोटी आकडी संख्येचा रोजच्या जगण्यात थेट काही नाही, उगाच फुगवून सांगत नाही. पण 300 आकडी मूळ संख्या तुमच्या खिशात आहेत. बँकेची साइट उघडताना जे कुलूप दिसतं त्यामागे बऱ्याच ठिकाणी 1977 ची आरएसए पद्धत असते, त्यात 309 आकड्यांच्या आसपासच्या दोन मूळ संख्या गुणून 617 आकडी संख्या करतात. गुणाकार सगळ्यांना दिसतो, ते दोन तुकडे फक्त मालकाला माहीत.

एवढ्या मूळ संख्या मिळतात कुठून? एवढ्या मोठ्या संख्यांमध्ये साधारण 710 पैकी एक मूळ असते, सम संख्या आधीच गाळल्या तर 355 पैकी एक. रँडम संख्या घ्यायची, टिचकी मारायची, बद्द वाजली की पुढची.

आणि हे कुलूप टिकतं कशावर, तर त्याच फरकावर जो आजीच्या माठात होता. फुटलेली आहे हे चुटकीसरशी कळतं, पण तुकडे सापडत नाहीत. मर्सेनच्या यादीतली 67 वाली संख्या, 14,75,73,95,25,89,67,64,12,927, ही मूळ नाही हे लुकासने 1876 मध्येच दाखवलं. तुकडे मिळाले 1903 मध्ये, 27 वर्षांनी, फ्रँक नेल्सन कोल न्यूयॉर्कच्या सभेत फळ्यापाशी गेले आणि 19,37,07,721 गुणिले 7,61,83,82,57,287 हा गुणाकार करून दाखवला, एक शब्द न बोलता, असं सांगतात. आजही तसंच आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये 250 आकडी संख्या फोडली, तिला एका प्रोसेसर कोअरची साधारण 2,700 वर्षं एवढी मेहनत लागली. ती संयुक्त आहे एवढंच सांगायला मात्र पापणी लवायच्या आत होतं.

क्वांटम कम्प्युटर आला तर? पीटर शोर ह्यांनी 1994 मध्येच दाखवलंय की पुरेसा मोठा क्वांटम कम्प्युटर असेल तर तुकडे पटकन मिळतील. तेवढ्यासाठीच अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट 2024 मध्ये नव्या धाटणीच्या कुलुपांचे नियम जाहीर केले, त्यात अवयवांवर काही अवलंबून नाही. टिचकी मारायची विद्या मात्र त्याने जुनी होत नाही.

आणि 2047

भाचीला मी 127 दिली, घात 7, पायऱ्या 5. तिने वहीत केलं: 4, 14, 67, 42, 111, 0. शून्य आल्यावर इतकी ओरडली की तिची आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मग म्हणाली 2047 दे. 9 पायऱ्या आहेत म्हटलं, कंटाळशील. कंटाळली नाही, दोनदा चुकली, खोडलं, पुन्हा केलं: 4, 14, 194, 788, 701, 119, 1877, 240, 282 आणि शेवटी 1736.

शून्य नाही. "फुटलेली आहे," ती म्हणाली, आणि वही मिटून जेवायला गेली. 23 आणि 89 तिला जेवण झाल्यावर सापडले.